व्यसनमुक्ती आणि बोनसचा प्रश्न

एखाद्या व्यसनी माणसाने दोन दिवस नशा केली नाही, म्हणून दवाखान्याने त्याला बक्षीस द्यावे, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. ह्या विषयावर बोलावयास उभे राहिले की पहिल्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो: "आम्ही जन्मात नशा केली नाही, मग आम्हांला बक्षीस कोण देणार?" प्रश्न हसत हसत विचारलेला असला तरी त्यात तक्रार आहे आणि तक्रार रास्त आहे. तिला उत्तर द्यावे लागेलच. पण आधी ही योजना काय, ती निघाली कोठे आणि तिचा हिशेब कसा चालतो, हे पाहिले पाहिजे.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण झाले ते रात्रशाळेत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत. पण पगार, हजेरी, बोनस आणि दंड ह्या चार शब्दांभोवती आमचे आयुष्य फिरले आहे. अमेरिकेतील डॉक्टरांनी केलेले हे प्रयोग वाचताना आम्हांला पदोपदी कारखान्याच्या गेटवरचे वाद आठवले. त्याच बाजूने आम्ही हा विषय मांडणार आहोत.

नशेचे पदार्थ पुष्कळ आहेत आणि सर्वांवर इलाज एकच नाही. अफूच्या कुळातील हेरॉइनसारख्या पदार्थांवर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे आहेत. ती नियमाने घेतली तर रोग्याची तडफड थांबते व तो कामाला लागू शकतो. कोकेन आणि मेथॲम्फेटामाइन ह्या उत्तेजक पदार्थांची गोष्ट निराळी. त्यांचे व्यसन सोडविणारे एकही औषध अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने आजवर मान्य केलेले नाही. १९८० नंतरच्या दशकात कोकेनची, त्यातही क्रॅक नावाच्या स्वस्त प्रकाराची, अमेरिकेतील शहरांत लाट आली, तेव्हा डॉक्टरांच्या हाती उपदेशावाचून फारसे काही नव्हते. रोगी एकदा येई, दोनदा येई, आणि मग दिसेनासा होई. उपचार चांगला की वाईट हा प्रश्नच पुढे येईना, कारण तो घ्यावयास माणूस टिकेना.

अमेरिकेच्या ईशान्येस व्हर्माँट नावाचे एक लहानसे राज्य आहे. तेथील विद्यापीठात स्टीफन हिगिन्स ह्या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास एक साधी योजना आखली. रोग्याने आठवड्यातून तीनदा दवाखान्यात येऊन लघवी तपासावयास द्यावयाची. कोकेनचा अंश लघवीत दोन-तीन दिवस सापडतो, म्हणून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार अशी तपासणी ठेवली की चोरी लपत नाही. पहिली तपासणी स्वच्छ निघाली की अडीच डॉलर जमा. दुसरी स्वच्छ निघाली की पावणेचार. तिसरीला पाच. अशी प्रत्येक वेळी सव्वा डॉलरने वाढ, आणि लागोपाठ तीन स्वच्छ झाल्या की वर दहा डॉलरचा बोनस. बारा आठवड्यांत छत्तीस तपासण्या होतात. सर्व स्वच्छ निघाल्या तर छत्तिसावीला सव्वाशेहेचाळीस डॉलर पडतात आणि एकूण बेरीज ९९७ डॉलर ५० सेंट होते. श्रोत्यांपैकी ज्यांना हिशेबाची आवड आहे त्यांनी घरी मांडून पाहावा. आम्ही मांडला, बरोबर येतो.

पैसा रोख हाती देत नसत. तो कुपनांच्या रूपाने खात्यावर राही आणि रोगी जे मागेल ते, नशेशी संबंध नसलेले आणि त्याच्या नव्या आयुष्याला उपयोगी पडेल असे असले म्हणजे, दवाखान्याचा माणूस आणून देई. कोणी व्यायामशाळेची वर्गणी मागे, कोणी मासेमारीचा परवाना. व्हर्माँट तळ्यांचा आणि डोंगरांचा मुलूख असल्यामुळे तेथे ह्या परवान्याला मोल आहे.

आता चूक झाली तर काय? तपासणीत कोकेन सापडले, किंवा रोगी आलाच नाही, तर त्या दिवसाचे बक्षीस नाही आणि दर पुन्हा अडीच डॉलरवर येतो. पण मिळविलेले परत घेत नाहीत. त्यानंतर लागोपाठ पाच तपासण्या स्वच्छ दिल्या की दर पूर्वी होता तेथे परत जातो. हे शेवटचे कलम वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. खाडा पडलेल्या माणसाची जुनी नोकरी धरावी, त्याला नव्याने उमेदवार करू नये, ह्यासाठी संघटनांनी किती वर्षे भांडावे लागते हे आम्हांला ठाऊक आहे. येथे एका डॉक्टरने ते आपणहून लिहून ठेवले होते, आणि तेही दयेपोटी नव्हे. घसरलेल्या माणसाला परत चढावयाचे कारण उरले नाही तर तो उपचारच सोडून जातो, एवढे त्याने ओळखले होते.

ह्या योजनेची कसोटी १९९४ साली प्रसिद्ध झाली. चाळीस रोगी घेतले. सल्ला, मार्गदर्शन आणि तपासणी सर्वांना सारखीच. निम्म्यांना कुपने दिली, निम्म्यांना दिली नाहीत. चोवीस आठवड्यांचा उपचार पुरा करणारे कुपनवाल्यांत शेकडा ७५ निघाले, दुसऱ्यांत शेकडा ४०. संख्या लहान होती हे खरे. पण त्यानंतर अनेक ठिकाणी, अनेक पदार्थांवर हा प्रयोग झाला आणि फळ पुष्कळसे त्याच दिशेने आले. इंग्रजीत ह्या पद्धतीला 'काँटिंजन्सी मॅनेजमेंट' असे अवघड नाव आहे. आपण तिला अटीची बक्षीसयोजना म्हणू.

तिचा दुसरा प्रकार कनेक्टिकट विद्यापीठातील नॅन्सी पेट्री ह्या विदुषींनी काढला. त्या २०१८ साली वारल्या. हजार डॉलर प्रत्येक रोग्यामागे कोठून आणावयाचे, ही दवाखान्यांची अडचण होती. त्यावर त्यांनी सोडतीचा तोडगा काढला. एका भांड्यात पाचशे चिठ्ठ्या. त्यांतील अडीचशेंवर नुसते 'शाबास' लिहिलेले, दोनशे नऊ चिठ्ठ्यांना डॉलरभर किमतीची वस्तू, चाळिसांना वीस डॉलरची, आणि एकीला शंभराची. तपासणी स्वच्छ निघाली की चिठ्ठी काढावयाची, सलग स्वच्छ निघत गेली की अधिक चिठ्ठ्या. २००५ साली आठ दवाखान्यांतील ४१५ रोग्यांवरील प्रयोगाचे फळ प्रसिद्ध झाले. बारा आठवडे टिकणारे सोडतवाल्यांत शेकडा ४९, इतरांत ३५. ही तर जुगाराची शिकवण झाली, असे म्हणणारे अर्थात पुढे आले. पेट्रीबाईंचा अभ्यासच जुगाराच्या व्यसनाचा होता. त्यांनी तेही तपासले, आणि रोग्यांचा जुगार वाढल्याचे आढळले नाही.

हे का घडते, हे समजून घेण्यास फार मोठे शास्त्र नको. ज्याने कामगार वस्तीत पगाराचा दिवस पाहिला आहे त्याला ते अर्धे समजलेलेच असते. पिणारा माणूस मूर्ख नसतो. किराणा दुकानाचे किती देणे, मुलाची फी किती, सोसायटीचा हप्ता किती, सगळे तो तोंडपाठ सांगतो. पण गुत्ता गेटपासून पन्नास पावलांवर असतो आणि मुलगा शिकून नोकरीला लागणे दहा वर्षांवर असते. नशेचे फळ पाच मिनिटांत हाती येते, नशा न करण्याचे फळ फार उशिरा आणि तेही नक्की नाही. व्यसनी माणसाच्या मनात दूरच्या लाभाची किंमत इतरांपेक्षा लवकर घसरते, असे प्रयोगांतूनही दिसून आले आहे. म्हणून बक्षीस मोठे की लहान ह्यापेक्षा आधी ते कधी मिळते ह्याला महत्त्व. तपासणीचा निकाल त्याच भेटीत, बक्षीस त्याच भेटीत. महिनाअखेरीस हिशेब करू म्हटले की योजना मेली. थकबाकीत राहिलेल्या बोनसने कोणत्या कारखान्यात उत्पादन वाढले आहे?

सुशिक्षितांचा पहिला आक्षेप असा की ही लाच आहे. आम्हांला हा शब्द येथे अजिबात लागू वाटत नाही. लाच घेणारा आपले कर्तव्य मोडतो आणि लाभ देणाऱ्याचा होतो. येथे माणूस आपले कर्तव्य पाळतो आणि लाभ त्याचाच होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माणसाला कबुतरासारखे दाणे टाकून शिकविणे हा त्याचा अपमान नव्हे काय? ह्या विद्येचे एक मूळ बी. एफ. स्किनर ह्यांच्या प्रयोगशाळेत, म्हणजे उंदीर आणि कबुतरे ह्यांच्या पिंजऱ्यांत आहे, हे नाकारता येत नाही. पण अपमान दाण्यात नसतो, तो देणाऱ्याच्या लहरीत असतो, असे आमचे मत आहे.

ह्यासाठी मुंबईची एक जुनी गोष्ट सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून गिरणीमालक कामगारांना दरसाल बोनस देत होते. नंतर तो बंद केला. तेव्हा १९२४ च्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. सर नॉर्मन मॅक्लिऑड ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि तिने निकाल दिला की कामगारांना बोनस मागण्याचा कायदेशीर हक्क नाही. म्हणजे दिला तर मालकाची मर्जी, न दिला तर तक्रार नाही. पुढे बोनसचा कायदा व्हावयास १९६५ साल उजाडले. ह्या चाळीस वर्षांत रुपया तोच होता, फक्त बक्षिशीचा हक्क झाला, आणि तो घेणाऱ्या माणसाची मान त्याने वर झाली. आजही दिवाळीत 'सानुग्रह अनुदान' हा शब्द ऐकला की आमच्या कपाळाला आठी पडते. त्यातला अनुग्रह आम्हांला नको असतो.

आता व्हर्माँटची योजना पुन्हा पाहा. तेथे रोगी आणि दवाखाना ह्यांच्यात लेखी करार होत असे. दर ठरलेला, वाढ ठरलेली, चुकीचा परिणाम ठरलेला. डॉक्टरीणबाईंचा मूड चांगला आहे म्हणून दोन डॉलर अधिक नाहीत, आणि रोगी उर्मटपणे बोलला म्हणून कपात नाही. तपासणी स्वच्छ आली की बक्षीस हे देणे झाले, मग माणूस आवडता असो वा नावडता. आयुष्यभर 'तुझा काय भरवसा' हेच ऐकलेल्या माणसाशी कोणीतरी करार करते आणि तो पाळते, ह्याचे मोल त्या अडीच डॉलरमध्ये धरलेले नाही. आमच्या समजुतीने योजनेच्या यशातला मोठा वाटा हाच असावा. डॉक्टर मंडळी ह्याला दुसरे काही नाव देतील.

आता पहिल्या रांगेकडे वळू. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत सिगारेट ओढणाऱ्या ८७८ नोकरांवर एक प्रयोग झाला, त्याचे फळ २००९ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना सिगारेट सोडण्याच्या वर्गांची नुसती माहिती दिली. निम्म्यांना वर्ग पुरा केल्यास १०० डॉलर, सहा महिन्यांच्या आत सोडल्याचे तपासणीत सिद्ध झाल्यास २५० आणि पुढील सहा महिने टिकल्यास ४०० डॉलर, असे एकूण ७५० डॉलर देऊ केले. नऊ-बारा महिन्यांनी सुटलेले बक्षीसवाल्यांत शेकडा १४.७ होते, इतरांत ५. पुढे कंपनीने ही योजना सर्व नोकरांस लावावयाचे ठरविले, तेव्हा न ओढणाऱ्यांनी नेमका आपलाच प्रश्न विचारला: आम्हांला काय? कंपनीने त्यांचे ऐकले. कसे ऐकले म्हणाल, तर बक्षीस रद्द केले आणि ओढणाऱ्यांवर वर्षाला ६२५ डॉलरचा भुर्दंड बसविला. शेजाऱ्याला मिळते म्हणून तक्रार केली की आपल्याला काही मिळत नाही, फक्त शेजाऱ्याचे जाते आणि बचत मालकाची होते. वेतनवाढीच्या वाटाघाटींत हे आम्ही इतक्यांदा पाहिले आहे की अमेरिकेचा दाखला मिळाला नसता तरी चालले असते.

शिवाय ज्याला व्यसन नाही त्याला बक्षीस मिळत नाही, हे तरी कोठे खरे आहे? सकाळी डोके शांत असते, मुले जवळ येतात, दुकानदार उधार देतो, मुकादम भरवशाचे काम सांगतो. ही बक्षिसे रोज आणि ताबडतोब मिळतात, म्हणून ती दिसत नाहीत. व्यसनी माणसाची ही सगळी खाती बंद पडलेली असतात आणि ती पुन्हा उघडावयास महिने लागतात. मधल्या काळात त्याने कशाच्या जोरावर दम धरावयाचा? कुपन त्या मधल्या काळापुरते आहे.

दंड आणि बक्षीस ह्यांतला फरक आणखी एका प्रयोगात चांगला दिसतो. सीव्हीएस नावाच्या औषधविक्रेत्या कंपनीच्या नोकरांवर तो झाला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला सिगारेट सोडल्यास बक्षीस. दुसऱ्या गटाने आधी स्वतःचे १५० डॉलर अनामत ठेवावयाचे, सोडली तर परत, न सोडली तर बुडाले. अनामतीची योजना ज्यांनी पत्करली त्यांच्यावर तिचा परिणाम जास्त कडक झाला, हे मान्य केले पाहिजे. पण पत्करली किती जणांनी? शेकडा १३.७. बक्षिसाची योजना शेकडा ९० जणांनी पत्करली. म्हणून एकूण सुटलेल्यांची संख्या बक्षिसातच अधिक निघाली.

रकमेबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण येथेच चांगली योजना कंजूषपणाने मारली जाते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात केनेथ सिल्व्हरमन ह्यांनी मुद्दाम असे रोगी घेतले की ज्यांच्यावर पूर्वी कुपनांचाही उपयोग झाला नव्हता. त्यांना आळीपाळीने नऊ-नऊ आठवडे तीन प्रकारच्या दरांवर ठेवले: काहीच नाही, जास्तीत जास्त ३८२ डॉलर, आणि जास्तीत जास्त ३,४८० डॉलर. १९९९ साली निकाल आला. मोठ्या दरावर असताना शेकडा ४५ जणांनी सलग चार आठवडे किंवा अधिक काळ कोकेन सोडले. लहान दरावर दोन आठवड्यांच्या पुढे गेलेला एकच निघाला, आणि बिनबक्षिसाच्या काळात एकही नाही. आता ह्याच्या शेजारी सरकारी व्यवहार ठेवा. दवाखान्यांनी रोग्यांना आमिष दाखवून सरकारी तिजोरी लुटू नये म्हणून अमेरिकेत नियम होते, आणि ते योग्यच होते. पण त्यांच्याच भीतीने सरकारी अनुदानावरील व्यसनमुक्ती केंद्रांत एका रोग्याला वर्षाला ७५ डॉलरपेक्षा अधिक द्यावयाचे नाही, अशी मर्यादा कित्येक वर्षे राहिली. ती २०२५ साली ७५० वर नेण्यात आली. औषधाची दहावा हिस्सा मात्रा द्यावयाची आणि मग औषध कुचकामी ठरवावयाचे, असा तो कारभार होता.

ज्यांनी पुरी मात्रा दिली त्यांना गुणही आला. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत २०११ पासून ही पद्धत चालू झाली आणि ती शंभराहून अधिक ठिकाणी गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात उपस्थित रोग्यांच्या तपासण्यांपैकी शेकडा ९२ च्या आसपास स्वच्छ होत्या. कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून ती सुरू केली. तेथे वर्षाला ५९९ डॉलरपर्यंत मिळू शकतात. सहाशे का नाहीत, तर योजना सुरू झाली तेव्हा तेथून पुढे कर खात्याला कळवावे लागत असे. कारकुनी सगळ्या देशांत सारखीच.

बक्षीस थांबल्यावर काय, हा प्रश्न खरा अवघड आहे. पुष्कळजण परत घसरतात. तेवीस प्रयोगांचा एकत्र हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात उपचार संपून काही महिने लोटल्यावरही बक्षीसवाले इतरांपेक्षा पुढे होते, पण थोडेच. रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या की दाब वाढतो, म्हणून कोणी गोळीला दोष देत नाही, हे उत्तर आहे, पण आमच्या मते पुरेसे नाही. सिल्व्हरमन ह्यांनी ह्यावर काढलेला मार्ग आम्हांला एकाच वेळी आकर्षक आणि धोक्याचा वाटतो. त्यांनी कामाची जागाच उपचाराची केली. बेकार रोग्यांना टायपिंग आणि संगणकात नोंदी भरण्याचे काम शिकविले. रोज सकाळी तपासणी, ती स्वच्छ निघाली की आत प्रवेश, काम आणि त्या दिवसाची मजुरी. बक्षिसाच्या जागी मजुरी आली आणि बक्षीस संपण्याची तारीख नाहीशी झाली.

पण मजुरी देणाऱ्याने गेटवर लघवी मागावी, ह्याला कोणती संघटना संमती देईल? आज नशेसाठी तपासतील, उद्या त्याच बाटलीतून मधुमेह आणि गरोदरपण शोधून माणसे कमी करतील. आमचे म्हणणे असे की तपासणारा मालकाचा नोकर नसावा, निकालाचा कागद मालकाच्या कचेरीत जाऊ नये, आणि स्वच्छ तपासणीने काही मिळावे, पण अस्वच्छ तपासणीने असलेली नोकरी जाऊ नये. ह्या तीन गोष्टी लेखी नसतील तर ही पद्धत कारखान्याच्या आवारात येऊ देऊ नये, मग डॉक्टर कितीही सज्जन असो.

आपल्याकडे प्रश्न मुख्यतः दारूचा आहे. दारूचा वास आणि रक्तातला अंश काही तासांत जातो, म्हणून आठवड्यातून तीनदा फुंकर मारून घेतल्याने काही कळत नाही. परंतु दारू शरीरात गेल्यावर तयार होणारा एक अंश लघवीत दोन-तीन दिवसांपर्यंत सापडतो, आणि तो शोधणाऱ्या चाचण्या आता निघाल्या आहेत. तेव्हा तांत्रिक अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. अडचण आहे ती थैलीची. आमच्या नजरेपुढे एकच थैली येते, कर्मचारी राज्य विम्याची. १९४८ च्या कायद्याने ती झाली. २०१९ पासून तीत मालक वेतनाच्या शेकडा ३.२५ आणि कामगार ०.७५ भरतो. त्या पाऊण टक्क्यात पिणाऱ्याचेही पैसे आहेत आणि न पिणाऱ्याचेही. एखाद्या विमा रुग्णालयात शंभर माणसांवर, वर्षभर, पुऱ्या मात्रेने ही योजना चालवून पाहावी आणि हिशेब छापून सर्वांपुढे ठेवावा, अशी मागणी संघटनांनी केली तर तीत भीक मागण्यासारखे काही नाही.